ज्या आसनावर कुणी बसत नाही

जून १९५७. घाना स्वतंत्र होऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते. लंडनच्या ‘डेली स्केच’ या वर्तमानपत्रात त्या देशाचे पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांचा लेख छापून आला. आमच्या नाण्यांवरून राणीचा चेहरा का जाणार आहे, हा त्याचा विषय. एन्क्रुमांनी दिलेलं कारण साधं होतं. माझ्या देशातल्या पुष्कळ लोकांना लिहिता-वाचता येत नाही. आपण खरोखर स्वतंत्र झालो आहोत हे त्यांना चिन्हांमधूनच दाखवावं लागेल. पुढच्या वर्षी नवी नाणी आली. राणीच्या जागी एन्क्रुमांचा चेहरा होता आणि त्याभोवती लॅटिनमध्ये कोरलं होतं : घाना राज्याचा संस्थापक. विरोधी पक्षानं या चेहऱ्याला कडाडून हरकत घेतली.

हरकत राजकीय होती. पण तिच्या मुळाशी एक धार्मिक प्रश्न होता, आणि तो घानाइतक्या उघडपणे फार थोड्या देशांत विचारला गेला असेल. नवं राष्ट्र आपली चिन्हं ठरवतं, तेव्हा नेमकं काय घडतं? कापड, रंग, लाकूड, धातू यांना पूज्य ठरवण्याचा अधिकार सरकारकडे येतो कुठून? पवित्र वस्तू घडवता येते का? आणि घडवता येत असेल, तर तिच्यावर हक्क कुणाचा?

या प्रश्नांची पहिली उत्तरं तत्त्वज्ञांनी दिली नाहीत. ती दिली अचिमोटात शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्या काही कलावंतांनी. अक्राजवळचं अचिमोटा हे वसाहतकाळातलं सगळ्यात नावाजलेलं विद्यालय. मिशन शाळांमध्ये ढोल आणि कोरीव आसनं ही मूर्तिपूजकांची म्हणून बाहेर ठेवली जात, तेव्हा अचिमोटात आफ्रिकी संगीत आणि हस्तकला वर्गात आल्या. ध्वज काढणाऱ्या थिओडोसिया ओकोह तिथल्या. राजमुद्रा काढणारे एमॉन कोतेइ तिथले. राष्ट्राध्यक्षांचं आसन घडवणारे कोफी अँटुबाम तिथे कला शिकवत आणि राष्ट्रगीताचे संगीतकार फिलिप ग्बेहो तिथे संगीत शिकवत. स्वतः एन्क्रुमांनी शिक्षकी पेशाचं प्रशिक्षण तिथेच घेतलं होतं.

ओकोह यांचा जन्म १९२२चा, वेंची गावातला. वडील प्रेस्बिटेरियन चर्चचे धर्मोपदेशक. हे चर्च ज्या बाझेल मिशनमधून वाढलं, त्याच्या मिशनऱ्यांनी नवख्रिस्ती कुटुंबांची ‘सालेम’ नावाची वेगळी वस्ती गावाबाहेर वसवली होती. गावातले देव, पितरांची आसनं, ढोल आणि मद्याचं तर्पण यांपासून या लोकांना दूर ठेवणं हा तिचा हेतू. अशा परंपरेच्या घरातली ही मुलगी पुढे चित्रकला शिकली, शिक्षिका झाली, आणि सरकारनं ध्वजासाठी आराखडे मागवले तेव्हा तिनं आपला पाठवून दिला. तो निवडला गेला. ६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री अक्राच्या जुन्या पोलो मैदानावर ब्रिटिश ध्वज उतरला आणि तिचा वर चढला.

लाल, सोनेरी, हिरवा असे तीन आडवे पट्टे आणि सोनेरी पट्ट्याच्या मधोमध पाच टोकांचा काळा तारा. लाल रंग स्वातंत्र्यासाठी सांडलेल्या रक्ताचा, सोनेरी खनिजांचा, हिरवा अरण्यांचा आणि शेताभाताचा. क्रॉस नाही, चंद्रकोर नाही, कुठल्या जमातीचं कुलचिन्ह नाही, प्राणी नाही, माणूस नाही. धर्मोपदेशकाच्या मुलीनं धर्माची एकही खूण त्या कापडावर ठेवली नाही. आपला देव आपल्यापाशी ठेवून सगळ्यांचा ध्वज काढायला जो संयम लागतो, तो या बाईंकडे होता.

तरीही त्या ताऱ्यात श्रद्धा नाही असं म्हणता येणार नाही. तो आला मार्कस गार्वी यांच्याकडून. जमैकाच्या या पुढाऱ्यानं १९१९मध्ये ‘ब्लॅक स्टार लाइन’ नावाची जहाज कंपनी काढली. अमेरिकेतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या काळ्या लोकांचा आफ्रिकेशी व्यापार सुरू व्हावा आणि एक दिवस ज्यांना गुलाम म्हणून पलीकडे नेलं त्यांची नातवंडं-पतवंडं मायदेशी परतावीत, हे तिच्यामागचं स्वप्न. धोबिणींनी, हमालांनी, स्वयंपाकिणींनी पोटाला चिमटा घेऊन तिचे समभाग घेतले. कंपनी काही वर्षांतच बुडाली. पण मिसर देशातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बायबलमधली कथा जे पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत गात आले होते, त्यांच्या लेखी तो तारा धंद्यातल्या नफ्यातोट्याच्या पलीकडचा होता. लाल-सोनेरी-हिरव्यामागे इथिओपिया होता. १८९६मध्ये अडुवाच्या लढाईत इटलीला हरवून स्वतंत्र राहिलेलं ते पुरातन ख्रिस्ती राज्य. म्हणजे ध्वजात आशा आहे, मुक्तीची कथा आहे, पण ती कुठल्याही एका चर्चच्या, मशिदीच्या किंवा देवराईच्या ताब्यात दिलेली नाही.

राजमुद्रेचं काम अवघड होतं, कारण ढालीवर वस्तू दाखवाव्या लागतात आणि प्रत्येक वस्तूला इतिहास असतो. एमॉन कोतेइ लाबाडीचे, गा समाजातले, लंडनला छपाई आणि आरेखन शिकून आलेले. त्यांनी ढालीचे हिरव्या क्रॉसनं चार भाग केले. खालच्या दोन चौकोनांत कोकोचं झाड आणि सोन्याची खाण, देशाची कमाई. वरच्या डाव्या चौकोनात समारंभाची तलवार आणि प्रवक्त्याचा दंड. वरच्या उजव्या चौकोनात समुद्रकाठचा किल्ला. क्रॉसच्या मध्यावर सोनेरी सिंह, ब्रिटनशी आणि राष्ट्रकुलाशी असलेल्या नात्याची खूण. ढालीच्या दोन्ही बाजूंना सोनेरी गरुड, वर काळा तारा, खाली ब्रीद : स्वातंत्र्य आणि न्याय. स्वातंत्र्याच्या दोन दिवस आधी, ४ मार्चला, राणीनं ही मुद्रा मान्य केली.

यातल्या दोन वस्तू जवळून पाहाव्यात.

एक म्हणजे किल्ला. तो अक्राच्या ओसू भागातला ख्रिश्चन्सबोर्ग. सतराव्या शतकात डेनिश व्यापाऱ्यांनी तो बांधला आणि त्याच्या तळघरांतून हजारो माणसं जहाजांवर चढवली गेली. पुढे तो ब्रिटिश गव्हर्नरचं निवासस्थान झाला. २८ फेब्रुवारी १९४८ला दुसऱ्या महायुद्धातून परतलेले आफ्रिकी सैनिक थकलेल्या हक्कांचा अर्ज घेऊन याच किल्ल्याकडे निघाले होते. वाटेतल्या चौकात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिघे जागीच मेले. ओकोह यांच्या लाल पट्ट्यातलं रक्त ज्या दाराकडे चालत निघालं होतं, ते दार कोतेइंच्या ढालीवर राष्ट्राच्या शासनाचं चिन्ह म्हणून आहे. हे विसंगत वाटेल, पण ते तसंच असू दिलं हे बरं झालं. पापाची जागा पुसून टाकण्यापेक्षा ती ताब्यात घेऊन तिच्यावर आपली सत्ता मांडणं, हे प्रायश्चित्ताच्या अधिक जवळचं आहे.

दुसरी वस्तू प्रवक्त्याचा दंड. अकान लोकांच्या दरबारात राजा प्रजेशी थेट बोलत नाही, प्रजाही राजाशी थेट बोलत नाही. मधे असतो ओच्यामे, राजाचा प्रवक्ता. त्याच्या हातातल्या लाकडी दंडाच्या टोकावर सोन्याच्या पत्र्यानं मढवलेली एक छोटी मूर्ती असते आणि प्रत्येक मूर्तीमागे एक म्हण असते. सगळ्यात प्रसिद्ध मूर्ती म्हणजे अंडं धरलेला हात. सत्ता अंड्यासारखी आहे. घट्ट आवळली तर फुटते, सैल धरली तर पडते. दरबारात आलेल्या माणसानं राजाच्या तोंडाकडे पाहण्याआधी हे अंडं पाहावं, आणि राजानंही ते रोज पाहावं, अशी त्यामागची योजना. कोतेइंनी हा दंड ढालीवर आणला तेव्हा अकान राज्यशास्त्राचा एक अख्खा धडा त्यांनी नव्या राष्ट्राच्या कागदपत्रांवर छापून ठेवला.

आता मूळ प्रश्नाकडे. घानात राष्ट्रचिन्हांचा प्रश्न धार्मिक का झाला, हे कळायला अकानांपैकीच असलेल्या असांते लोकांच्या सुवर्णासनापाशी जावं लागतं.

असांतेंचं साधं आसन एकाच ओंडक्यातून कोरतात. लाकूड मऊ, पांढरट. बसायची फळी दोन्ही कडांना वर वळलेली, खाली सपाट पाया, मधे कोरीव आधार. आसन वापरात नसलं की आडवं कलंडून ठेवायचं, म्हणजे मोकळं पाहून भलताच आत्मा येऊन त्यावर बसणार नाही. आसनाचा आणि त्यावर बसणाऱ्याचा संबंध इतका निकटचा मानतात की, राजा वारला की त्याचं आसन काजळीनं काळं करून पितरांच्या खोलीत ठेवलं जातं. पण सुवर्णासन कुणा राजाचं नाही. परंपरा सांगते की, अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर ओसेइ टुटू हा राजा आणि ओकोम्फो अनोचे हा पुरोहित यांनी विखुरलेल्या असांते राज्यांना एकत्र आणलं, तेव्हा एका शुक्रवारी ते आसन आकाशातून उतरलं. त्यात असांते राष्ट्राचं ‘सुनसुम’, म्हणजे त्याचं चैतन्य आहे. म्हणून त्यावर कुणीही बसायचं नाही, राजानंही नाही. ते जमिनीला टेकवायचंही नाही. त्याला बसायला स्वतःचं वेगळं आसन आहे.

मार्च १९००मध्ये ब्रिटिश गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन कुमासीत आला आणि जमलेल्या सरदारांपुढे त्यानं विचारलं की, ते आसन कुठे आहे आणि मला ते बसायला का दिलं नाही. त्याला ते सिंहासन वाटलं होतं. राजा आधीच हद्दपार झाला होता, सरदार दबलेले होते. तरी या एका वाक्यानं युद्ध पेटलं. एजिसूची राजमाता या असांतेवा हिनं त्याचं नेतृत्व केलं. युद्धात असांते हरले, तिला सेशेल्स बेटांवर पाठवलं, पण आसन इंग्रजांच्या हाती लागलं नाही. १९२१मध्ये रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना ते पुरलेलं सापडलं आणि काहींनी त्यावरचे सोन्याचे अलंकार ओरबाडून विकले. सगळं असांते सुतकात बुडालं. सरकारी मानववंशशास्त्रज्ञ आर. एस. रॅट्रे यांनी मग वरिष्ठांना समजावून सांगितलं की, ही राजाची खुर्ची नव्हे. त्यानंतर सरकारनं त्या आसनावरचा दावा सोडून दिला.

पेणच्या कारखान्यात कालपर्यंत शाडूचा गोळा असलेली गणेशमूर्ती प्राणप्रतिष्ठेनंतर देव होते, हे ज्यांनी घरात पाहिलं आहे त्यांना असांतेंचं म्हणणं परकं वाटणार नाही. आसन कुणीतरी कोरलं असेल, सोनं कुणीतरी मढवलं असेल. त्यानं पावित्र्य कमी होत नाही. प्रश्न एवढाच की, प्राण कुठून येतो?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १९१२मधल्या आपल्या धर्मविषयक ग्रंथात एक उत्तर दिलं. ध्वजासाठी मरणारा सैनिक देशासाठी मरत असतो, पण त्याच्या मनात पुढे असतो तो ध्वज. समाज स्वतःचीच शक्ती एका वस्तूत पाहतो आणि तिला नमस्कार करतो. म्हणजे पवित्र वस्तू ही समाजाची सावली. हे उत्तर बुद्धीला पटतं, पण अकान विचारवंतांनी त्यात एक उणीव दाखवता येईल अशी मांडणी केली. क्वासी विरेडू या घानाच्या तत्त्वज्ञानं आयुष्यभर आग्रह धरला की, युरोपीय विचारानं ऐहिक आणि पारलौकिक अशी जी भिंत घातली आहे ती अकान विचारात नाहीच. पितरांना मद्य ओतणं ही त्यांच्या मते पूजा नव्हे. वडीलधाऱ्यांना दिलेला तो मान आहे, फक्त ते वडीलधारे आता दिसत नाहीत एवढंच. क्वामे ग्येके यांना हे पूर्णपणे मान्य नव्हतं. माणसातला ओक्रा, म्हणजे ईश्वराकडून आलेला जीव, हा त्यांच्या मते खरोखरच देहाहून वेगळा आहे. दोघेही अकान, दोघेही घानाच्या विद्यापीठात शिकवणारे, आणि वाद थेट आत्म्याच्या स्वरूपावर. या वादात कुणाचं बरोबर हे इथे ठरवायची गरज नाही. विरेडूंच्या मांडणीतून राष्ट्रासाठी एक महत्त्वाची गोष्ट मात्र मिळते. तर्पण ही पूजा नसेल, तर ख्रिस्ती किंवा मुसलमान माणसानं त्याला उभं राहणं ही धर्मभ्रष्टता ठरत नाही. पितरांचा मान आणि देवाची उपासना वेगळी काढली की, सगळ्यांचा म्हणून एक समारंभ शक्य होतो.

हीच शक्यता कोफी अँटुबाम यांनी लाकडात आणि सोन्यात उतरवली. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात शिकून आलेला हा चित्रकार-शिल्पकार अवघा बेचाळीस वर्षं जगला. १९६०मध्ये घाना प्रजासत्ताक झाला, राणीचं स्थान गेलं, राष्ट्राध्यक्ष आला. तो कशावर बसणार? युरोपीय सिंहासनावर बसवणं शक्य नव्हतं, आणि सुवर्णासनाला तर हात लावायची कुणाची छाती नव्हती. अँटुबाम यांनी अकान आसनाच्या घाटावरून राष्ट्राध्यक्षांचं आसन रचलं, सोन्यानं मढवलं, आणि सोबत राष्ट्राची तलवार. आजही दर चार वर्षांनी ७ जानेवारीला नवा राष्ट्राध्यक्ष सरन्यायाधीशांपुढे आपल्या धर्मग्रंथावर शपथ घेतो, मग ती तलवार उंचावून लोकांना दाखवतो आणि त्या आसनावर बसतो. हातात बायबल, मग तलवार, मग आसन. एकाच सकाळी एकाच माणसात तीन परंपरा एकत्र येतात आणि जमलेल्या लोकांपैकी बहुतेकांना त्यात काही खटकत नाही.

बहुतेकांना. सगळ्यांना नाही, आणि हे अँटुबाम यांचं मोठेपण मानूनही सांगायला हवं. आसन ही दक्षिणेची रीत. घानाच्या उत्तरेत, दागोम्बा, माम्प्रुसी, गोंजा या समाजांत राजा आसनावर बसत नाही, जनावरांच्या कातड्यांवर बसतो. येंडीच्या या-ना राजाच्या गादीखाली सिंहाचं कातडं असतं. तिकडे राजाचा राज्याभिषेक म्हणजे त्याला कातड्यावर बसवणं. राष्ट्राध्यक्ष हिला लिमान उत्तरेचे होते, जॉन महामा उत्तरेचे आहेत. दोघेही राष्ट्राध्यक्ष म्हणून अकान घाटाच्या आसनावर बसले. राजमुद्रेवरची तलवार आणि दंडही दक्षिणेचेच. ब्रिटनच्या सिंहाला ढालीच्या मध्यावर जागा मिळाली आणि येंडीच्या सिंहाला मिळाली नाही. जी वस्तू एका समाजाच्या पितरांना पवित्र आहे ती सगळ्या राष्ट्राला पवित्र व्हावी असं वाटत असेल, तर बाकीच्यांचे पितर कुठे बसणार याचं उत्तर द्यावं लागतं. ते घानानं अजून दिलेलं नाही.

राष्ट्रगीताची गोष्ट यापेक्षा सौम्य आहे. फिलिप ग्बेहो हे केटाजवळच्या वोझा गावचे, एवे समाजातले. एवे लोकांच्या ढोलांचा कैवार घेणारा हा माणूस राष्ट्रगीताला मात्र चर्चच्या स्तोत्राची चाल देऊन गेला. स्वातंत्र्याच्या त्याच महिन्यात ट्रान्स-व्होल्टा भागातल्या एवेंपैकी अनेकांना घानात जाणं मान्य नव्हतं आणि तिथे सैन्य पाठवावं लागलं होतं. तरी देशाची चाल एका एवे शिक्षकाची. शब्द पुढे बदलले. आजचं गीत देवाकडे देशासाठी आशीर्वाद मागत सुरू होतं. २०२१च्या जनगणनेनुसार घानात सुमारे ७१ टक्के ख्रिस्ती, २० टक्के मुसलमान आणि ३ टक्क्यांच्या आसपास पारंपरिक धर्माचे लोक आहेत. प्रार्थना सगळ्यांच्या तोंडी बसते, कारण ती कुणाचं नाव घेत नाही.

खरी कसोटी आली ती चिन्ह आणि माणूस यांच्यातलं अंतर मिटू लागलं तेव्हा.

संसद भवनासमोर एन्क्रुमांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्याच्या चौथऱ्यावर येशूच्या उपदेशातलं एक प्रसिद्ध वाक्य फिरवून कोरलं होतं : आधी देवाचं राज्य शोधा, याऐवजी आधी राजकीय राज्य शोधा. एन्क्रुमा मिशन शाळेत शिकलेले, अमेरिकेत धर्मशास्त्राची पदवी घेतलेले, चर्चमध्ये प्रवचनं दिलेले. आपण कुठला शब्द कुठे ठेवतो आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. लोक त्यांना ‘ओसाग्येफो’, तारणहार, म्हणू लागले. ‘यंग पायोनियर्स’ या संघटनेत शाळकरी मुलांकडून एन्क्रुमा कधी मरत नाहीत अशा घोषणा म्हणवून घेतल्या जात. १९६२मध्ये अक्राचे अँग्लिकन बिशप रिचर्ड रोझवेअर यांनी या संघटनेतल्या नास्तिकपणावर जाहीर टीका केली, तेव्हा सरकारनं त्यांना देशाबाहेर काढलं. त्याच वर्षी पुढे त्यांना परत येऊ दिलं. १९६४ उजाडला आणि देश एकपक्षीय झाला. ध्वजातला सोनेरी पट्टा पांढरा करण्यात आला, कारण लाल-पांढरा-हिरवा हे सत्ताधारी पक्षाचे रंग होते. ओकोह यांनी जिथे खाणींचं सोनं ठेवलं होतं तिथे पक्ष येऊन बसला.

हॉजसनची चूक हीच होती. फरक एवढाच की तो परका होता आणि हे घरचे होते. न बसण्यासाठी ठेवलेल्या जागेवर दोघांनीही बसायचं ठरवलं. एन्क्रुमांचं ऋण घाना फेडू शकणार नाही. आफ्रिकेला स्वतंत्र म्हणून स्वतःकडे पाहायला त्यांनीच शिकवलं. म्हणूनच हे लिहिताना दुःख होतं.

२४ फेब्रुवारी १९६६ला लष्करानं सत्ता घेतली. एन्क्रुमा तेव्हा परदेश दौऱ्यावर होते. जमावानं पुतळा खाली ओढला, तो मोडला, डोकं धडावेगळं झालं. आज तो मोडका पुतळा आणि ते डोकं अक्रातल्या एन्क्रुमा स्मारकाच्या बागेत वेगवेगळे ठेवलेले आहेत. चार दिवसांनी, २८ फेब्रुवारीला, ध्वजातला पट्टा पुन्हा सोनेरी झाला. राजमुद्रेला कुणी हात लावला नाही. आसन आणि तलवार राहिली. स्वतः एन्क्रुमांनी उभारलेल्या गोष्टींपैकी जिच्यावर त्यांचा चेहरा होता ती फुटली आणि जिच्यावर नव्हता ती टिकली. असांतेंचा पुरोहित त्याआधी अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी जे सांगून गेला त्याचा हा आधुनिक पुरावा आहे. राष्ट्राचा प्राण ज्या जागी ठेवायचा ती जागा कुणा एकाच्या अंगाखाली जाता कामा नये.

हा प्रश्न १९६६मध्ये संपला नाही. २०१७मध्ये राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अडो यांनी अक्रात सर्वपंथीय राष्ट्रीय कॅथेड्रल बांधण्याची घोषणा केली. आराखडा वास्तुविशारद डेव्हिड अजाये यांचा. निवडणूक जिंकलो तर देवाला देऊळ बांधीन असा नवस आपण बोललो होतो, असं राष्ट्राध्यक्षांनी नंतर सांगितलं. मोक्याची जमीन रिकामी करण्यासाठी न्यायाधीशांचे बंगले पाडले गेले, सरकारी तिजोरीतून सुमारे ५.८ कोटी डॉलर गेले, आणि मागे राहिला एक प्रचंड खड्डा. महामा पुन्हा सत्तेवर आल्यावर २०२५मध्ये त्या प्रकल्पाचं कार्यालयच बंद करण्यात आलं. टीका पैशाची झाली, आणि ती रास्त होती. त्याच काळात देश कर्जाच्या डोंगराखाली दबलेला होता. पण पैसे असते तरी प्रश्न उरलाच असता. घानाच्या १९९२च्या संविधानाची प्रस्तावना सर्वशक्तिमान देवाच्या नावानं सुरू होते. त्यात कुणाचा देव हे लिहिलेलं नाही. कॅथेड्रलला मात्र छप्पर असतं, दार असतं, आणि दाराला आत-बाहेर असतं. एका माणसाचा नवस फेडण्याचं काम राष्ट्रावर टाकता येत नाही. १९५७च्या त्या धर्मोपदेशकाच्या मुलीला जे कळलं होतं ते साठ वर्षांनी देशाच्या प्रमुखाला कळू नये, याची खंत वाटते.

ओकोह दीर्घायुषी झाल्या. घानात हॉकी रुजवण्यासाठी त्यांनी अनेक वर्षं घालवली, त्या देशाच्या हॉकी संघटनेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या, आणि अक्रातल्या हॉकी मैदानाला त्यांचं नाव मिळालं. राष्ट्राध्यक्ष अटा मिल्स यांच्या निधनानंतर शहराच्या प्रशासनानं त्या मैदानाला मिल्स यांचं नाव द्यायचं ठरवलं. लोक खवळले. वृत्तपत्रांतून, रेडिओवरून इतकी टीका झाली की, राष्ट्राध्यक्षांना हस्तक्षेप करावा लागला आणि ओकोह यांचं नाव कायम राहिलं. २०१५मध्ये त्या वारल्या.

पुढचं पाऊल उत्तरेकडे पडायला हवं. आसनाशेजारी, तलवारीशेजारी, ढालीवर कुठेतरी, येंडीच्या कातड्याला जागा मिळाली पाहिजे. एका रंगाचा पट्टा चार दिवसांत बदलून दाखवलेल्या देशाला ते कठीण नाही.